आधी काट्याचा पासंग काढा



गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. रविवारी दुपारी कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत जेवण उरकून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात माझा भाचा तणतणत आत आला. पोरगा वाशीला कॉलेजात शिकतो आणि सुट्टीच्या दिवशी विहारात लहान मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. स्वभावाने शांत. पण त्या दिवशी चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागला.

"मामा, तिथेसुद्धा त्यांचीच माणसे बसली आहेत. मी लिहिलेले तीन वेळा उडवले!"

तिथे म्हणजे विकिपीडियावर. ज्यांना हे नाव नवे आहे त्यांच्यासाठी सांगतो. विकिपीडिया हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश तयार झाला, तो विद्वानांनी लिहिला. विकिपीडिया मात्र कोणीही लिहू शकतो आणि दुसऱ्याने लिहिलेले कोणीही दुरुस्त करू शकतो. इंग्रजीत तो जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला आणि मराठीत १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनीच. आज मुलाला शाळेत निबंध लिहायचा असो की एखाद्या पत्रकाराला कुणाची माहिती हवी असो, पहिला हात तिथेच जातो. म्हणून तिथे काय लिहिले जाते याच्याशी आपलाही संबंध आहे.

भाच्याने काय लिहिले होते? आपल्याच नवी मुंबईचा विषय होता. "२००८ साली सहा दहशतवाद्यांनी पनवेल, वाशी आणि ठाणे येथे बाँब ठेवले" असे वाक्य, आणि पुढे सहाही जणांची नावे. दोन तासांत कुणीतरी ते काढले. याने परत घातले, त्याने परत काढले. असे तीनदा झाले.

मी म्हटले, "काढणाऱ्याने काही कारण दिले असेल ना?"

"कारण कसले मामा! 'संदर्भ नाही, चौघे निर्दोष' एवढेच लिहिले होते."

मी उठून बसलो. म्हटले, चल, दोघे मिळून बघू.

ते प्रकरण मला चांगले आठवते. फेब्रुवारी २००८ मध्ये पनवेलच्या सिनेराज चित्रपटगृहात 'जोधा अकबर' चालू असताना स्फोट झाला. ३१ मे रोजी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बाँब सापडला, तो निकामी केला. ४ जूनला ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात स्फोट होऊन काही माणसे जखमी झाली. 'आम्ही पाचपुते' या नाटकात महाभारतातल्या पात्रांची टिंगल केली आहे, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला होता. हेमंत करकरे तेव्हा दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख होते. त्यांच्या पथकाने तपास करून सहा जणांना पकडले. हे लोक सनातन संस्था आणि हिंदू जनजागृती समिती यांच्याशी संबंधित असल्याचे पथकाने म्हटले. संस्थेने आपला त्यात हात असल्याचे नाकारले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात करकरे शहीद झाले.

इथपर्यंत भाच्यालाही माहीत होते. पुढचे त्याने पाहिलेच नव्हते. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने रमेश गडकरी आणि विक्रम भावे या दोघांना दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि उरलेल्या चौघांना निर्दोष सोडले. म्हणजे ज्याने वाक्य उडवले तो 'त्यांचा' होता की आपला, हे मला माहीत नाही. पण त्याचे म्हणणे बरोबर होते आणि आमचे चिरंजीव चुकले होते.

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, तुम्ही त्यांची बाजू घेताय?"

या प्रश्नासाठीच आजचा लेख लिहितो आहे. हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. आपल्या कितीतरी तरुणांच्या मनात तो आहे.

माझी हयात तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात मापाडी म्हणून गेली. गोणी काट्यावर चढवण्याआधी मापाडी काय करतो? रिकामा काटा बघतो. एक पारडे मुळातच झुकलेले असेल तर त्याला पासंग म्हणतात. तो काढल्याशिवाय केलेली सगळी मापे खोटी. शेतकरी नात्यातला असो की अनोळखी, व्यापारी चहा पाजणारा असो की शिव्या घालणारा, काटा तोच. आपल्या माणसाच्या गोणीला एक काटा आणि दुसऱ्याच्या गोणीला दुसरा, असे एकदा जरी झाले तरी बाजारात पुन्हा कुणी त्या मापाड्याच्या तोंडाकडे बघत नाही.

आता दुसऱ्या बाजूची गोणी चढवू. 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये वर्ध्याला अटक झाली. नक्षलवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप होता. चाळीस महिने ते तुरुंगात राहिले. मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. पुढे जून २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात त्यांना पुन्हा अटक झाली. साडेसहा वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला आणि ते आपल्या तळोजा कारागृहातून बाहेर आले. तोपर्यंत खटल्यात आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. आनंद तेलतुंबडे यांनी त्याच प्रकरणात १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, स्वतःला तपास यंत्रणेच्या स्वाधीन केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेही जामिनावर तळोज्याहून सुटले.

मी भाच्याला विचारले, "ढवळ्यांच्या पानावर कुणी 'नक्षलवादी' एवढा एकच शब्द लिहिला आणि २०१४ ची सुटका गाळली, तर तू काय करशील?"

"लगेच काढीन!"

"कशाच्या आधारावर?"

"कोर्टाच्या निकालाच्या."

"मग त्या चौघांच्या बाबतीत कुणी तेच केले, तर त्याला तुझा शत्रू कसा म्हणतोस?"

बंधू-भगिनींनो, ही तत्त्वाची चैन नाही, आपल्या घरातली गरज आहे. वस्तीत काही गडबड झाली की पहिल्यांदा कुणाची पोरे उचलली जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पोरगा सुटून येतो, पण नावापुढे लागलेला शब्द सुटत नाही. नोकरीसाठी पोलिसांचा दाखला लागतो, पोरीच्या लग्नाची बोलणी चालू असतात आणि समोरचा माणूस मोबाइलवर नाव घालून बघतो. आरोपी, दोषी आणि निर्दोष हे तीन शब्द वेगळे आहेत, त्यांची वजने वेगळी आहेत, आणि ती वेगळीच राहावीत याची गरज आपल्याला सर्वांत जास्त आहे. जो नियम आपण शत्रूसाठी मोडतो, तो आपल्या पोरासाठी उरत नाही.

'दोषी' शब्दसुद्धा शेवटचा नसतो. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांमधल्या बाँबस्फोटांत १२ जणांना २०१५ साली दोषी ठरवले गेले, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली गेली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढ्यापुरती त्या न्यायालयाने स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. त्यानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातले सातही आरोपी विशेष न्यायालयातून सुटले. कुणाला कोणता निकाल रुचला आणि कोणता टोचला, ते ज्याच्या त्याच्या मनात. पानावर दोन्ही निकाल तारखेसह यायला हवेत.

खोट्या एका ओळीने काय होते याचे उदाहरण खुद्द विकिपीडियानेच पाहिले आहे. अमेरिकेत जॉन सायगेनथेलर नावाचे वयोवृद्ध पत्रकार होते. तरुणपणी त्यांनी रॉबर्ट केनेडी यांच्या कार्यालयात काम केले होते. मे २००५ मध्ये कुणी अनोळखी माणसाने त्यांच्या पानावर लिहिले, की दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. ती ओळ चार महिने तशीच राहिली. लिहिणारा शेवटी सापडला. त्याने ते सहकाऱ्याची गंमत म्हणून लिहिले होते! त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने नवे पान सुरू करण्याची मुभा नोंदणी केलेल्या सदस्यांपुरतीच ठेवली, आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांचे नियम पुढे कडक होत गेले. सायगेनथेलर तर नामवंत होते. त्यांच्याजवळ लेखणी होती, त्यांचे म्हणणे छापायला वर्तमानपत्र तयार होते. आडबाजूच्या अप्रसिद्ध माणसाच्या पानाकडे कोण बघतो? तिथली चूक वर्षानुवर्षे तशीच राहते. मग एखादा वार्ताहर ती उचलून बातमीत घालतो आणि पुढे तीच बातमी त्या चुकीला पुरावा म्हणून जोडली जाते. पिठाची पिठाला साक्ष!

आता कुणी म्हणेल, मग काय हात बांधून बसायचे? अतिरेक्यांच्या भक्तांनी पाने सजवायची आणि आपण नुसते नियम वाचायचे?

मुळीच नाही. हे काम सोडून द्यायचे नाही, नीट करायचे. अमेरिकेत राहणाऱ्या क्सेनिया कॉफमन या बाईंनी ते करून दाखवले आहे. २०१५ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले, की इंग्रजी विकिपीडियावर हिटलरच्या सैन्यातल्या बारीकसारीक अधिकाऱ्यांची शेकडो पाने आहेत. ज्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत अशा माणसांची. पानभर काय, तर शौर्य, पदके, किती रणगाडे फोडले. त्यातले काही ज्या वाफेन-एसएस दलात होते, त्या दलाने केलेल्या कत्तलींचा मात्र उल्लेख नाही. बाईंनी त्या पानांवर शिव्या लिहिल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न धरला: हे सांगतो कोण? खाली दिलेले पुस्तक उघडून बघायचे. कुठे ते भक्तमंडळींनी छापलेले निघे, कुठे युद्धकाळातला नाझी प्रचार निघे. ते काढायचे आणि जाणत्या इतिहासकारांचे लिहिलेले घालायचे. फक्त एक पदक हीच ज्याची ओळख, त्याचे स्वतंत्र पान कशाला, यादीत एक ओळ पुरे. लोक चिडले, अंगावर धावून आले, २०१८ साली भांडण विकिपीडियाच्या लवादापर्यंत गेले. पण बाई स्रोताला धरून होत्या, म्हणून टिकल्या.

आणि लक्ष दिले नाही तर काय होते? क्रोएशिया हा युरोपातला छोटा देश, त्याच्या भाषेतला विकिपीडियाही छोटा. तिथे मूठभर कट्टर लोकांनी प्रचालकांच्या जागा धरल्या. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या उस्ताशा राजवटीने यासेनोव्हाट्सला छळछावणी चालवून हजारोंना मारले. या मंडळींनी तिचे वर्णन सौम्य करून टाकले. २०१३ साली तिथल्या शिक्षणमंत्र्यांना, मुलांनी हा ज्ञानकोश वापरू नये, असे सांगावे लागले. २०२१ साली विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेनेच अहवाल काढून हे मान्य केले. मराठी ही काही कोटींची भाषा, पण तिच्या ज्ञानकोशात नियमाने लिहिणारे हात थोडेच आहेत. तिथे आपले हात असायलाच हवेत.

तर तरुणांनी काय करावे? भाचा आणि मी बसून जे ठरवले ते सांगतो.

पहिले, विशेषण लिहायचे नाही. 'क्रांतिवीर' नको आणि 'नराधम' नको. काय केले, कधी, कोणी सिद्ध केले, एवढे पुरे. खरी घटना विशेषणाशिवायच जास्त बोलते.

दुसरे, प्रत्येक वाक्याला स्रोत. वर्तमानपत्राची बातमी, निकालपत्रावरचे वृत्त, अभ्यासकाचे पुस्तक. त्या संघटनेचे स्वतःचे पत्रक म्हणजे स्रोत नव्हे, आणि आपल्या संघटनेचे पत्रकही नव्हे. मराठी विकिपीडियावर शंका असलेल्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण करता येते. ती खूण दुसऱ्याच्या वाक्याला लावण्याआधी आपल्या वाक्याला लावून बघावी.

तिसरे, निकाल शेवटपर्यंत वाचायचा. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते, सुटकेची सातव्या पानाच्या कोपऱ्यात. विक्रम भावेंचेच पाहा. २०११ साली ते वाशी-ठाणे प्रकरणात दोषी ठरले. पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येच्या खटल्यात आरोपी झाले. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या होत्या. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने सचिन अंदुरे आणि शरद कळसकर यांना जन्मठेप दिली. भावे आणि आणखी दोघांना पुराव्याअभावी सोडले. आता या माणसाविषयी लिहिताना पहिला निकाल गाळला तर ती भक्ती, दुसरा गाळला तर तो सूड. दोन्ही निकाल लिहिले तर तो इतिहास. संघटनेचेही तसेच. महाराष्ट्र सरकारने २०११ साली सनातन संस्थेवर बंदी घालण्याचा प्रस्ताव केंद्राकडे पाठवला, हे लिहावे. बंदी आली नाही, हेही लिहावे.

चौथे, जो एकाच घटनेपुरता लोकांना ठाऊक आहे, त्याचे चरित्र लिहू नये. घटनेचे पान लिहावे. आणि जो निर्दोष सुटला आहे, ज्याला एरवी कोणी ओळखतही नाही, त्याचे नाव घातलेच पाहिजे का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

पाचवे, ओढाताण करू नये. आपले वाक्य कुणी काढले तर तेच ते परत घालत बसू नये. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे उलटवले तर लिहिण्याचा हक्क काही काळ गोठवतात. प्रत्येक पानाला एक चर्चा पान असते. तिथे जाऊन पुरावा मांडावा.

आमचे हे बोलणे माझी धाकटी बहीण दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "दादा, हे सगळे ठीक. पण पोराला पोलीस नेतील त्याचे काय?" आईचा प्रश्न चुकीचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला. त्या वेळी छत्रपती संभाजी महाराजांच्या विकिपीडिया पानावरचा मजकूर आक्षेपार्ह असल्याचे सांगून महाराष्ट्र सायबर विभागाने तो काढण्याची नोटीस पाठवली, आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. तेव्हा धोका नाही असे मी बहिणीला सांगू शकलो नाही. एवढेच म्हटले, की विकिपीडियावर टोपणनाव चालते, पण कुणी कधी काय लिहिले ते 'इतिहास' या सदरात जसेच्या तसे राहते. रागात लिहिलेली ओळ काढून टाकली तरी तिथून पुसली जात नाही. म्हणून उद्या कुणी पुढ्यात बसवून विचारले तर, "साहेब, हा निकाल, ही बातमी, यावरून लिहिले," असे म्हणता येईल तेवढेच लिहावे. तिचे पूर्ण समाधान झाले नाही. ती चहा ठेवायला आत गेली, पण जाताना म्हणाली, "मग लिहिताना मामाला दाखवत जा."

त्या संध्याकाळी भाच्याने जुने वाक्य टाकून नवे लिहिले. "ऑगस्ट २०११ मध्ये सत्र न्यायालयाने सहा आरोपींपैकी दोघांना दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि चौघांना निर्दोष मुक्त केले." खाली बातमीचा संदर्भ जोडला. वाचून त्याचे तोंड उतरले. म्हणाला, "मामा, यात काही दमच नाही." मी म्हटले, "दम तुझ्या रागात होता. यात वजन आहे."

पंधरा दिवस झाले. वाक्य अजून आहे. ज्याने आधी तीनदा काढले होते त्यानेच येऊन तारखेतली एक चूक दुरुस्त करून दिली. तो कोण, कुठल्या बाजूचा, आम्हाला अजून ठाऊक नाही आणि आता त्याची गरजही वाटत नाही.

भाचा आता आपल्या माणसांची पाने एकेक करून त्याच काट्यावर घालतो आहे. परवा त्याने आपल्याच एका पुढाऱ्याच्या पानावरचा 'थोर' हा शब्द काढला आणि मला भीत भीत सांगितले. मी त्याला शाबासकी दिली. पुढाऱ्याला कळले तर काय होईल, ते पुढच्या अंकी.

जयभीम!